तांबूला फिट येते, रिपोर्ट सगळे नॉर्मल. कुणी यातून गेलंय का?

कृष्णाकाठ | ९ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहायला बसले कारण झोप उडालीय.

आमचा तांबू. गावठी, तांबूस रंगाचा, अठरा किलो वजन, अंदाजे तीन वर्षांचा. पिल्लू असताना संगम माहुलीच्या घाटावर सापडला, तेव्हापासून घरचाच.

२० एप्रिलची पहाट. आधी आवाज आला, फरशीवर नखं घासल्याचा, एकसारखा. मला वाटलं स्वप्नात पळतोय, कुत्री पळतात तशी. दिवा लावला तर दिवाणाखाली आडवा पडलेला, मान मागे ताठ, चारही पाय वल्ही मारल्यासारखे चाललेले, जबडा कडकड वाजतोय, तोंडाला फेस, खाली लघवीचं थारोळं. डोळे सताड उघडे, पण हाक मारली तर ओळख नाही. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, कांदा फोडून धावत आल्या. ह्यांनी नाकाशी चप्पल धरली. मी नुसती त्याच्या अंगावर हात ठेवून रडत होते. किती वेळ चाललं असं विचारलं असतं तर मी अर्धा तास सांगितलं असतं. हे म्हणतात दोन मिनिटं.

थांबल्यावर उठला तो लटपटत. दाराला धडकला, भिंतीला धडकला. ह्यांच्यावर गुरगुरला, ज्यांच्या पायाशी तो रोज झोपतो. अर्ध्या तासानं वाडगाभर भात खाल्ला आणि अजून मागायला लागला, जणू काही झालंच नव्हतं.

त्यानंतर ९ मे, १७ मे आणि परवा ६ जून. पहिल्या डॉक्टरांनी उन्हाळ्याची उष्णता म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्यांनी जंताचं औषध दिलं. तिसऱ्यांनी मात्र नीट तपासलं. रक्तपेशी, साखर, कॅल्शियम, किडनी, लिव्हर, गोचीड तापाची चाचणी, लघवी. सगळं नॉर्मल. म्हणाले, इडिओपॅथिक एपिलेप्सी, म्हणजे कारण न सापडणारा अपस्मार.

हे ‘कारण नाही’ मला गिळवत नाहीये. मागच्या वर्षी तो जिन्यावरून घसरला होता, ते असेल का? शेजारी झुरळांचा फवारा मारतात, ते? दिवाणाला नवीन पॉलिश केलं होतं, ते? रात्र रात्र हेच चाललंय डोक्यात. कुणाच्या कुत्र्याला असं झालंय का? कारण सापडलं का? नसेल सापडलं तर तुम्ही राहता कसे?

---

टिपूचा_बाबा | १० जून, सकाळी ७:०५

ताई, तुमची पोस्ट वाचून आमची पहिली रात्र आठवली. आमचा टिपू बीगल, सहा वर्षं फिट्स आहेत, आता नऊ वर्षांचा आहे आणि आत्ता हे लिहिताना माझ्या पावावर डोळा ठेवून बसलाय.

दोन गोष्टी आधी. तोंडात हात घालू नका, जीभ बाहेर ओढायला जाऊ नका. कुत्रा जीभ गिळत नाही. माझ्या धाकट्या भावानं हा प्रयत्न केला, अंगठ्याला चार टाके पडले आणि रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली ती वेगळीच. टिपूला कळलंसुद्धा नाही आपण चावलो ते. कांदा, चप्पल, पाणी, यातलंही नाकातोंडाशी काही नको. फिट आपल्या वेळेनं थांबते, कांद्यामुळे नाही.

दुसरं, घड्याळ बघा. नुसतं ‘खूप वेळ’ नको, सेकंद मोजा. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलवर शूटिंग करू द्या. जवळचं माणूस असं तडफडत असताना व्हिडिओ काढायचा म्हणजे निर्दयपणा वाटतो, मलाही वाटला होता. पण आमच्या डॉक्टरांनी दहा मिनिटं आमचं वर्णन ऐकलं आणि वीस सेकंद व्हिडिओ बघितला, आणि निर्णय त्या वीस सेकंदांवरून घेतला.

---

चाफा_८२ | १० जून, सकाळी ९:३०

खूप वाईट वाटलं वाचून. आमच्या गावाकडे म्हणतात की आकडी अमावास्या-पौर्णिमेला येते. तारखा बघा जरा जुळतात का. ब्राह्मी आणि खोबरेल तेल देऊन बघितलंत का? माझ्या मावशीकडच्या कुत्र्याला तेलानं फरक पडला म्हणतात.

---

जनावरांचा_डॉक्टर | १० जून, दुपारी २:१५

मी पशुवैद्य आहे. काम बहुतेक गाईम्हशींचं, पण गावातली कुत्री माझ्याकडेच येतात. जरा सविस्तर लिहितो, कारण ‘कारण सापडत नाही’ याचा अर्थ बऱ्याच जणांना ‘डॉक्टरला कळलं नाही’ असा लागतो.

इडिओपॅथिक एपिलेप्सी हे एक ठरलेलं निदान आहे आणि ते एकेक गोष्ट वगळत केलं जातं. २०१५ साली जगभरच्या पशु-मेंदूतज्ज्ञांच्या गटानं त्याचे निकष लिहून ठेवले. पहिली पायरी अशी: किमान चोवीस तासांच्या अंतरानं दोन किंवा जास्त फिट्स, पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात, दोन फिट्सच्या मधल्या काळात कुत्रा चालण्या-वागण्यात पूर्ण नॉर्मल, आणि रक्त-लघवीत काही दोष नाही. तांबू यात चपखल बसतो. लॅब्रेडॉर, बीगल, जर्मन शेफर्ड, बॉर्डर कोली यांच्यात हा आजार रक्तातून येतो असं दिसतं, पण गावठी कुत्र्यांना होत नाही हा गैरसमज आहे.

आधी काय काय वगळावं लागतं? लहान जातीच्या पिल्लांत साखर एकदम उतरणं. विलेल्या कुत्रीत कॅल्शियम उतरणं. जन्मतः लिव्हरला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, त्यात जबडा च्युइंगगम चघळल्यासारखा हलत राहतो आणि एखादा पाय झोपेतही लयीत उडतो. विषबाधा: शेतातली कीटकनाशकं, काही प्रकारची उंदीर मारायची औषधं, शुगर-फ्री गोळ्यांतलं झायलिटॉल, जास्त चॉकलेट. आणि हृदयाची भोवळ. ती साधारण पळताना किंवा एकदम उत्साहात येते, कुत्रा ढिला पडतो आणि मिनिटाभरात उठून पूर्ववत होतो. खरी फिट बरेचदा झोपेत किंवा नुकतं जाग येताना येते आणि नंतरचा काही वेळ कुत्रा भांबावलेला, कधी आंधळ्यासारखा असतो. तांबूचं दाराला धडकणं, गुरगुरणं, प्रचंड भूक, हे त्याच उत्तरकाळातलं. ह्यांच्यावर गुरगुरला याचं मनाला लावून घेऊ नका. त्या वेळी त्याला माणूस ओळखू येत नसतं. लहान मुलं घरात असतील तर तेवढा वेळ लांब ठेवा.

माझे प्रश्न. रेबीज आणि डिस्टेंपरची लस झालीय? खरजेसाठी किंवा गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कधी दिलं होतं? गोचिडांची चघळायची गोळी देता का? शेजारचा फवारा मारल्यावर लगेच फिट आली असं एकदा तरी झालंय?

चाफाताई, खोबरेल तेलाबद्दल: एमसीटी नावाच्या स्निग्धांशावर परदेशात अभ्यास झालाय आणि काही कुत्र्यांत फिट्स कमी झाल्या हे खरं, पण तो बेतून तयार केलेला आहार होता. घरचं खोबरेल वाटीनं घातलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. औषधाच्या जागी तर ते नकोच.

---

कृष्णाकाठ | १० जून, रात्री १०:५०

डॉक्टरसाहेब, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. लसी सगळ्या वेळेवर आहेत, कार्ड आहे. आयव्हरमेक्टिन कधीच नाही. फवारा आणि फिट यांचा मेळ बसत नाही, मेच्या दोन्ही फिट्स आल्या तेव्हा शेजारी गावाला गेले होते.

पण गोचिडांची गोळी दिली होती. २८ मार्चला पहिली, २७ एप्रिलला दुसरी. आत्ता डबीवरचा कागद वाचला. त्यात बारीक अक्षरात झटक्यांचा उल्लेख आहे. मीच दिली हो माझ्या हातानं, पेढ्यात घालून. तेव्हापासून हात कापतायत.

---

जनावरांचा_डॉक्टर | ११ जून, सकाळी ६:२०

ताई, शांतपणे वाचा. त्या गटातल्या औषधांना आयसोक्झाझोलिन म्हणतात. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली की काही जनावरांत थरथर, तोल जाणं आणि झटके दिसले आहेत, आधी कधीच फिट न आलेल्यांतही. त्याच सूचनेत हेही होतं की बहुतेक कुत्र्या-मांजरांना ही औषधं सुरक्षित आहेत आणि ती बाजारात राहिली. म्हणून तांबूला यापुढे ही गोळी नको, तुमच्या डॉक्टरांना आजच सांगा. फिप्रोनिलचे थेंब किंवा दुसरा उपाय ते सुचवतील. गोचिडं तर थांबवायलाच हवीत, गोचीड तापही मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

पण गोळीमुळेच झालं असं आज कुणीच म्हणू शकत नाही. याचं उत्तर वेळच देईल. गोळी बंद होऊन तीन-चार महिने झाले आणि फिट्स चालूच राहिल्या, तर कारण गोळी नव्हे. तारखा लिहून ठेवा.

---

लांबदेशी | ११ जून, संध्याकाळी ५:४५

मी लीड्सला असते, आमच्याकडे बॉर्डर कोली आहे. कारण शोधण्याच्या त्या अवस्थेतून मी गेलेय म्हणून लिहिते. आम्ही एमआरआय केला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं, दोन्हीसाठी पूर्ण भूल. बिल अडीच हजार पौंडांच्या पुढे गेलं, विमा होता म्हणून निभावलं. निकाल आला: मेंदू नॉर्मल. मी गाडीत बसून रडले. गाठ नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला हवं होतं कुणीतरी बोट ठेवून ‘हे बघा, हे आहे’ म्हणावं.

आमच्या मेंदूतज्ज्ञ बाईंनी तेव्हा समजावलं की या आजारात एमआरआय नॉर्मल येणं हेच अपेक्षित असतं. बिघाड पेशींच्या कामात असतो, चित्रात दिसणाऱ्या रचनेत नसतो. त्या म्हणाल्या की पहिली फिट सहा महिन्यांच्या आधी किंवा सहा वर्षांनंतर आली, मधल्या काळात कुत्रा वाकडा चालतोय, एकाच बाजूला गोल फिरतोय, एका बाजूनं दिसत नाहीये, किंवा औषधं नीट देऊनही उपयोग होत नाहीये, तर एमआरआयला पर्याय नाही. तांबू तीन वर्षांचा आहे, मधल्या काळात ठणठणीत आहे. तुमचे पैसे आधी औषधाला आणि औषधाची रक्तातली पातळी मोजायला ठेवा असं मला वाटतं. एमआरआयसाठी पुण्या-मुंबईची खेप लगेच केलीच पाहिजे असं नाही.

---

कृष्णाकाठ | २० जून, पहाटे ४:३०

काल तीन फिट्स आल्या. दुपारी एक, रात्री साडेआठला एक, साडेअकराला एक. शेवटच्या फिटनंतर मागचे पाय उचलतच नव्हते. घोंगडीत गुंडाळून ह्यांनी आणि दिरांनी गाडीत घातला. डॉक्टरांनी दवाखाना उघडून घेतला, शिरेतून औषध दिलं, तीन तास बसून राहिले आमच्याबरोबर. आता घरी आलोय. झोपलाय, श्वास नीट आहे. मी त्याच्या छातीवर हात ठेवून एका हातानं टाइप करतेय.

फेनोबार्बिटोन चालू केलंय, दिवसातून दोनदा. गोळी आयुष्यभर लागेल म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून फेस बघितला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की कुत्रं पिसाळलंय, नगरपालिकेला फोन करा. आता काय करू सांगा.

---

जनावरांचा_डॉक्टर | २० जून, सकाळी ५:५०

आधी ग्रुपचं. पिसाळलेलं जनावर लक्षणं दिसू लागल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत दगावतं, चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगतात ती याचसाठी. तांबूची पहिली फिट २० एप्रिलची. आज दोन महिने होतायत आणि मधल्या दिवसांत तो जेवतो, खेळतो, ओळखतो. हे आणि लसीच्या कार्डाचा फोटो ग्रुपवर टाका, तुमच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जोडा. त्यांची भीती समजण्यासारखी आहे, रेबीज आपल्याकडे खरोखर आहे. लस न झालेल्या किंवा अनोळखी कुत्र्याला झटके आले तर लाळेपासून सगळ्यांनीच लांब राहावं.

आता औषध. चोवीस तासांत दोन किंवा जास्त फिट्स म्हणजे क्लस्टर, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली एक फिट किंवा मध्ये शुद्धीवर न येता पाठोपाठ येणाऱ्या फिट्स, ही तातडीची अवस्था. लांबलेल्या फिटमध्ये अंग तापत जातं आणि मेंदूला इजा होते. पंखा लावा, पंजे ओल्या कापडानं पुसा, बर्फ नको, आणि निघा. घरी ठेवायला गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम किंवा नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कसा द्यायचा ते त्यांच्यासमोर एकदा करून बघा. डोस मी इथं लिहिणार नाही, तो वजनावर आणि चालू औषधांवर ठरतो.

फेनोबार्बिटोन रक्तात स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर तो झिंगल्यासारखा चालेल, खूप खाईल, खूप पाणी पिईल, घरात लघवी करेल. पुढे झिंग उतरते, भूक-तहान थोडी राहते. दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी बघायची, नंतर लिव्हरची तपासणी ठरावीक काळानं. आणि कधीही, कुणीही सांगितलं तरी, गोळी एकदम बंद करायची नाही. एकदम बंद केल्यानं येणारी फिट जास्त वाईट असते.

---

डोंगरवाट | २० जून, सकाळी १०:१०

माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून एक सांगतो. फेनोबार्बिटोन एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे कुत्र्यासाठी म्हटल्यावर बरेच दुकानदार सरळ नाही म्हणतात. चिठ्ठीवर तारीख, तुमचं नाव, प्राण्याचं नाव आणि वजन, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असू द्या, मूळ चिठ्ठीच आणा. एकच दुकान धरा, त्याला सांगून ठेवा की दर महिन्याला लागणार आहे. आणि शेवटच्या पट्टीवर कधी येऊ नका. पंधरा दिवसांचा साठा कायम घरात हवा. कंपनीकडून माल आला नाही असं वर्षातून एकदा-दोनदा होतंच.

आणि उद्या डॉक्टरांनी माणसांचं दुसरं एखादं औषध सिरपमध्ये लिहिलं तर बाटलीवर झायलिटॉल आहे का तेवढं बघून घ्या. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या असतील तर कुटायच्या किंवा तोडायच्या नाहीत.

---

कृष्णाकाठ | १ जुलै, रात्री ११:१५

चौदा हजार वेळा सगळ्यांचे आभार. ग्रुपवर कार्ड टाकलं, वरच्या बाई काल स्वतः येऊन बिस्किटाचा पुडा देऊन गेल्या.

तांबू मात्र आमचा राहिला नाही असं वाटतंय. मागचे पाय फाकतात, कोपऱ्यात डोकं टेकून उभा राहतो. परवा आईंनी भाकरीसाठी मळलेला पिठाचा गोळा परातीतून उचलून गिळला. पाण्याची बादली संपवतो आणि दारापर्यंत पोचायच्या आत होते त्याला. होते आणि मग तो माझ्याकडे मान खाली घालून बघतो, ते मला सहन होत नाही. कधी ओरडलेले नाही मी त्याच्यावर यासाठी.

आणि मी. फ्रीज सुरू झाला तरी दचकून उठते. कानाला फक्त नखांचा आवाज हवा असतो आणि नकोही असतो. माहेरच्या लग्नाला गेले नाही. हे म्हणतात, आपण त्याला जगवतोय की छळतोय?

---

रानजाई | २ जुलै, सकाळी ६:४०

ताई, मी उत्तर द्यावं की नाही याचा रात्रभर विचार केला. आमची गुंडी यातच गेली. तिला तिन्ही औषधं चालू होती, फेनोबार्बिटोन, पोटॅशियम ब्रोमाइड, लेव्हेटिरासिटाम दर आठ तासांनी. तरी दर दहा दिवसांनी क्लस्टर. या आजारात साधारण तिसरा हिस्सा कुत्री अशी असतात की औषधांना दाद देत नाहीत. शेवटच्या क्लस्टरनंतर तिला तीन दिवस दिसत नव्हतं आणि ती मला ओळखत नव्हती. चौथ्या दिवशी आम्ही तिला झोपवलं. ती माझ्या मांडीवर होती.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या डॉक्टरांनी मला असं दिलं होतं: फिट्स मोजू नका, दोन फिट्सच्या मधले दिवस मोजा, आणि त्यातले किती दिवस ती तिच्यासारखी होती ते मोजा. गुंडीचे असे दिवस आधी महिन्यातले पंचवीस होते, शेवटी दोनच राहिले. तोपर्यंतची तीन वर्षं ती जगली. विहिरीच्या कडेला बसून खारींवर भुंकत जगली. तांबूला औषध सुरू होऊन आज बारावा दिवस आहे. बाराव्या दिवशी गुंडीही कोपऱ्यात डोकं टेकून उभी होती. हा निर्णय घ्यायचा दिवस नाही, ताई.

आणि लग्नाला जात जा. एक माणूस शिकवून ठेवा, त्याला गोळी आणि स्प्रे दाखवा, आणि जा.

---

टिपूचा_बाबा | २ जुलै, सकाळी ८:००

रानजाईताई, धीर लागतो हे लिहायला. कृष्णाकाठ, घरातले व्यवहाराचे बदल सांगतो. दिवाणाच्या खालची जागा फळी लावून बंद करा, फिटमध्ये डोकं आपटतं. जिन्याला फाटक. झोपायला पातळ गादी, खाली मेणकापड. मागचे पाय फाकतात तिथे फरशीवर गोणपाट अंथरा, घसरला नाही की त्याला हुरूप येतो. गोळीची वेळ सकाळी आठ, रात्री आठ, मोबाईलवर गजर. एखादी गोळी राहिली तर काय करायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारून फ्रीजवर लिहून चिकटवा. ऐन वेळी सुचत नाही.

---

कृष्णाकाठ | १० ऑगस्ट, दुपारी ३:२०

उशिरा लिहितेय. मध्ये ८ जुलैला एक फिट आली. त्याआधी पातळी बघितली होती, १७ होती. डोस वाढवला, नंतर २४ आली. डॉक्टर म्हणाले छान जागेवर आहे. मग ३ ऑगस्टला एकच, पन्नास सेकंद. झिंग जुलै मध्यापर्यंत उतरली. पठ्ठ्या परत सोफ्यावर चढतो.

तारखा लिहायला वही घेतली होती, पण वही सापडेपर्यंत राहून जायचं. शेवटी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवरच लिहायला लागलो, जिथं गॅस कधी लावला आणि कामवाल्या मावशींचे खाडे लिहिले जातात तिथंच. लाल पेनानं ‘तां’, पुढे वेळ आणि सेकंद. रविवारी आई चष्मा लावून त्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या मनात पहिल्यापासून अमावास्येचंच होतं, बोलून दाखवत नव्हत्या. कालनिर्णयवर तिथी छापलेली असते ना, त्यांनी एकेक ‘तां’ची तिथी मोठ्यानं वाचली. पंचमी, नवमी, द्वितीया, अष्टमी, षष्ठी, दशमी, सप्तमी. अमावास्या एक नाही, पौर्णिमा एक नाही. मग त्यांनीच एप्रिलचं पान उलटून २७ तारखेवर बोट ठेवलं, गोचिडाची गोळी. ‘तीन महिने होऊन गेले की गं,’ म्हणाल्या, ‘तरी परवा आलीच. तुझ्या हातानं नाही झालं.’

मी तिथंच ओट्याला टेकून बसले. इतके दिवस डॉक्टर, नवरा, तुम्ही सगळे सांगत होतात, आणि मला ते त्या चौकोनांत दिसायला लागलं तेव्हा पटलं. कारण अजूनही माहीत नाही. पण माझ्या डोक्यात जी कारणं होती ती एकेक करून खोडली गेली, जिना सोडून. त्याचं डॉक्टर म्हणाले की त्या पडण्यात बेशुद्धी नव्हती, जखम नव्हती, त्याचा संबंध लावता येत नाही. मी आता तो प्रश्न विचारत नाही. विचारते ते एवढंच की मागच्या ‘तां’ला किती दिवस झाले.

---

लांबदेशी | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. एमआरआयनं मला जे दिलं नाही ते तुम्हाला भिंतीवरच्या कालनिर्णयनं दिलं.

---

चाफा_८२ | १० ऑगस्ट, रात्री ९:१०

अमावास्येचं मीच लिहिलं होतं. बरं झालं तपासून बघितलंत. गावाकडे सांगेन.

---

कृष्णाकाठ | २ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

ऑगस्टनंतर अठ्ठ्याऐंशी दिवस काही नव्हतं. ३० ऑक्टोबरला आली, सकाळी सहा दहाला. ह्यांनी टीपॉय बाजूला सरकवला, मी दिवा मालवला, आईंनी घड्याळ धरलं आणि दर दहा सेकंदांनी आकडा बोलत होत्या. पंचावन्नला थांबली. कांदा कुणी आणला नाही. नंतर तो मला धडकून पुढे गेला, तेव्हा मी नुसती हळू आवाजात बोलत मागे चालत राहिले, पंधरा मिनिटांत शेपूट हलली.

दिवाळी तोंडावर आहे. फटाक्यांच्या चार रात्री आतल्या खोलीत खिडक्या बंद करून, पंखा आणि रेडिओ लावून ह्यांच्याबरोबर झोपायचं ठरलंय. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलंय, गोळी तीच, वेळ तीच.

---

दर्यावर्दी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२५

नवीन आहे इथे, माफ करा मध्येच विचारते. रत्नागिरीहून. आमची पॉमेरियन संध्याकाळपासून थरथरतेय, धापा टाकतेय, पाय ताठ होतायत, आत्ता आडवी पडून झटके आले. तांबूसारखंच वाटतंय. फेनोबार्बिटोनची गोळी घरी सासऱ्यांची आहे, देऊ का?

---

कृष्णाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२८

गोळी देऊ नका! विली आहे का ती? पिल्लं अंगावर पितायत का?

---

दर्यावर्दी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२९

हो, चार पिल्लं, तीन आठवड्यांची.

---

कृष्णाकाठ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मग हे तांबूसारखं नाही. कॅल्शियम उतरलं असणार, डॉक्टरसाहेबांनी वर लिहिलंय. पिल्लं आत्ता बाजूला घ्या, तोंडातून काही पाजू नका, आणि तिला घेऊन निघा. जाता जाता डॉक्टरांना फोन करा, ‘विलेली कुत्री, तीन आठवडे, झटके’ एवढंच सांगा. त्यांना कळेल.

---

जनावरांचा_डॉक्टर | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

अगदी बरोबर. शिरेतून कॅल्शियम सावकाश द्यावं लागतं, हृदयाचे ठोके ऐकत. सकाळवर ढकलू नका.

---

दर्यावर्दी | ५ नोव्हेंबर, पहाटे १:५०

पोचलो होतो. इंजेक्शन निम्मं जाईपर्यंत थरथर थांबली, आता बसलीय. पिल्लांना उद्यापासून वरचं दूध. तीन आठवड्यांच्या पिल्लांना किती वेळा द्यायचं असतं?

---

जनावरांचा_डॉक्टर | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

दर चार तासांनी, पिल्लांसाठी मिळतं ते दूध कोमट करून, पोटावर पालथं धरून, बाळासारखं उताणं नाही. आणि थोडं पातळ खाणं ताटलीत सुरू करा, या वयात चाटायला लागतात.